यजमान व्हायचे की प्रेक्षक?

पेणच्या कारखान्यांत रंगलेले परदेशचे गणपती शिमग्याच्या सुमारासच गाव सोडू लागतात. बोटीचा प्रवास लांबचा आणि भाद्रपद कोणासाठी थांबत नाही, म्हणून अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस, ऑस्ट्रेलियाच्या मूर्ती आधी पेटीत भरायच्या आणि मुंबई-पुण्याच्या नंतर, असा इथला शिरस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेण शहरातल्या मोजक्या घरांत ही कला रुजली. त्यात देवधरांचे नाव पहिले घेतले जाते. आज ती हमरापूर, जोहे, कळवे, दादर अशा गावांच्या ओटी-पडवीपर्यंत पसरली आहे आणि हजारो माणसांचे पोट तिच्यावर चालते. पेणचे हात जगभरच्या देव्हाऱ्यांत पोहोचले. त्याच वाटेने उलट काय आले? पैसे आले, आणि ते यायलाच हवेत. त्यापलीकडे फारसे काही आले नाही. न्यू जर्सीतल्या कुणाच्या घरच्या गणपतीचे डोळे ज्या कारागिराने आखले, त्याला जगातले इतर मूर्तिकार काय घडवतात, कशात घडवतात, मजुरी कशी ठरवतात, हे पाहायची सोय आजवर कोणी केलेली नाही. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खाडीकाठच्या खारेपाटातल्या बायका टँकरची वाट पाहतात. कलेची गोष्ट पाण्याइतकी जिवावरची नाही, पण ओघ त्याच दिशेचा आहे.

म्हणून मला वाटते, पेण आणि याच रायगड जिल्ह्यातले रोहा या दोन गावांनी मिळून जगाच्या कला-संस्कृतींचा उत्सव भरवावा. तो सर्वांना खुला असावा, तिकीट नसावे, आणि त्याचे यजमानपद कुठल्याही कंपनीकडे, सरकारी खात्याकडे किंवा पुढाऱ्याकडे न जाता गावाकडे राहावे. या तिन्हींत शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. फुकट उत्सव पुष्कळ झाले आहेत. गाव यजमान आहे असा जागतिक उत्सव मात्र आपल्याकडे दुर्मीळ आहे.

मुंबईत १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस, प्रवेश विनाशुल्क. पणजीत २०१६ पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरतो, तोही सर्वांना खुला. दोन्ही ठिकाणी उत्तम काम पाहायला मिळते आणि मी त्यांच्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही. पण काळ्या घोड्याच्या गर्दीत उभे असताना आपण पाहुणे असतो. काय दाखवायचे ते आधीच ठरलेले असते, पैसे प्रायोजकाने दिलेले असतात आणि प्रायोजकाची पाटी कलाकाराच्या नावाहून मोठी असते. आपण पाहायचे, फोटो काढायचे, घरी यायचे. पुढच्या वर्षी प्रायोजकाने हात आखडता घेतला, तर त्या गर्दीतल्या एकालाही त्याबद्दल काही करता येत नाही, कारण उत्सव तिचा कधी नव्हताच.

याहून जवळचे उदाहरण ‘सूर जहाँ’चे आहे. बंगालमधल्या एका संस्थेने २०११ मध्ये कोलकात्यात ‘सूफी सूत्र’ या नावाने हा संगीतमेळा सुरू केला, पुढे तो गोव्यातही भरू लागला. परदेशी वादक येतात, बंगालचे बाऊल-फकीर येतात, प्रवेश खुला असतो. दिवसा शिबिरे होतात आणि त्यात पाहुणा वादक वाद्य हातात घेऊन समोरच्यांशी बोलतो. संध्याकाळी मैफल होते. दिवसाचा तो भाग मला संध्याकाळपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कुठल्या लाकडाचे आहे, चामडे कुठल्या जनावराचे, पावसाळ्यात ते उतरते तेव्हा काय करता, असे प्रश्न एका वादकाने दुसऱ्याला विचारले की टाळ्यांपलीकडचे काहीतरी घडते. आमच्याकडचा खालूबाजावाला हे प्रश्न विचारायला सर्वांत लायक माणूस आहे. त्याला बोलावणे येते ते लग्नाच्या आणि पालखीच्या सुपारीचे. शिबिराचे बोलावणे त्याला कधी येत नाही.

आता रोह्याकडे वळतो, कारण यजमानपद म्हणजे काय हे रोह्याला शिकवावे लागत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात; ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही प्रथा पाहायला लांबलांबून माणसे येतात. पुढे पालखी आळीआळीने फिरते. मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेला रोहेकर दिवाळीला एकवेळ येणार नाही, पण पालखीला येतो. दारात सडा-रांगोळी, हातात आरतीचे ताट, आणि देव स्वतः दारी येणार म्हणून घरातले म्हातारे माणूसही खुर्ची टाकून ओट्यावर बसलेले. इथे प्रवेश फुकट की सशुल्क हा प्रश्नच कोणाला सुचत नाही, कारण जो तो आपापल्या दारापुरता यजमान आहे. कोणी वर्गणी देतो, कोणी खांदा देतो, कोणी वाजवतो, कोणी पाणी-सरबत वाटतो. काहीच न देणाराही दार उघडे ठेवतो. उत्सवाचा खर्च शेकडो घरांत वाटला गेल्यामुळे कोणा एकाने पाय मागे घेतला म्हणून तो थांबत नाही.

ही रीत जागतिक उत्सवासाठी घ्यावी असे मी म्हणतो तेव्हा दोन गोष्टी मागे ठेवायला हव्यात. पहिली, देव. धावीर महाराजांची पालखी रोह्याची आहे आणि तशीच राहावी. जगाच्या कलांचा उत्सव कोणत्याही एका देवाच्या नावे भरला, तर मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती शेजारी पुन्हा पाहुण्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतील. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गावाच्या जुन्या उत्सवांत मान ठरलेले असतात आणि ते जातीने ठरलेले असतात. कोणी उचलायचे, कोणी वाजवायचे, पहिला नारळ कोणाचा, कोणी किती अंतरावर उभे राहायचे. कोकणात या मानपानावरून भांडणे कोर्टापर्यंत गेलेली आहेत. गाव यजमान आहे असे म्हणताना गाव म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट केले नाही तर नव्या उत्सवातही तीच उतरंड चढेल.

रायगड जिल्ह्याने हा प्रश्न एकदा साऱ्या देशासमोर मांडला आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला आणि सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा कागदोपत्री सर्वांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. तळ्याला तिकीट नव्हते, मनाई कागदावरून उठलेली होती, तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चालत जाईपर्यंत अस्पृश्यांना तिथले ओंजळभर पाणीही मिळाले नाही. पाणी प्यायल्यानंतरही मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि हक्क कोर्टात सिद्ध व्हायला आणखी दहा वर्षे गेली. प्रवेश विनामूल्य आहे असे फलकावर लिहिले की सगळे येतील, हे मानणाऱ्यांनी या दहा वर्षांचा विचार करावा. पेणच्या डोंगराकडची कातकरी वाडी शहरातल्या मैदानावरच्या उत्सवाला फुकट आहे म्हणून येत नाही. तिथे आपल्याला कोण काय म्हणेल याची धास्ती असते, शेवटची एसटी निघून गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीवर किंवा कोणाच्या शेतावर जायचे असते. उत्सव तिच्याकडे गेला पाहिजे, आणि तिथे काय व्हावे हे ठरवणाऱ्यांत तिची माणसे असली पाहिजेत. पालखी दारोदार फिरते त्यातला हाच भाग मला उचलावासा वाटतो.

फ्रान्समध्ये १९८२ साली २१ जूनला एक सण सुरू झाला, फेत द ला म्युझिक. तिथल्या सांस्कृतिक खात्यातले मोरीस फ्लरे यांच्या हाती लोकांच्या आवडीनिवडींची एक पाहणी आली. देशातली पन्नास लाख माणसे काही ना काही वाजवतात आणि तरुणांत तर दोघांतला एक वाजवतो, असे तीत दिसत होते. एवढी वाद्ये घरात बंद का, असा त्यांचा सवाल होता. मंत्री जाक लांग यांनी तो उचलून धरला आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी लोकांना सांगितले की घराबाहेर या आणि वाजवा. व्यावसायिक आले, हौशी आले, शाळकरी पोरे आली. कोणीही ऐकावे, पैसे कोणी घेऊ नयेत. आज शंभराहून अधिक देशांत हा दिवस साजरा होतो. हे वाचताना मला खारेपाटातली भजनी मंडळे आठवतात, कोळीवाड्यातली बँडपथके, गौरीच्या दिवसांत रात्रभर फेर धरणाऱ्या बायका, जाखडीचे नाच, आगरी लग्नात धवला म्हणून लग्नविधी पार पाडणाऱ्या धवलारिणी. आपल्याकडे अशी पाहणी झाली तर आकडा फ्रान्सपेक्षा कमी येणार नाही, याची मला खात्री आहे. जगाची कला पाहायला बसणारा प्रेक्षक इथे आयता कलाकार आहे. त्याला खुर्चीवर बसवून ठेवणे हा त्याचा अपमान आहे.

मग पाहुणे कोणते बोलवायचे? इथे बहुतेक आयोजकांची गाडी घसरते. दूतावासाकडून जे पथक मिळेल ते आणायचे. एक आफ्रिकेचे, एक युरोपचे, एक पूर्वेचे, म्हणजे जग झाले. असा ताटभर नमुना वाढून कोणाचेच पोट भरत नाही. माझे मत असे की पाहुणा नात्याने बोलवावा, आणि पेण-रोह्याची नाती शोधायला लांब जावे लागत नाही.

पहिले नाते कामाचे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दरवर्षी मार्चमध्ये फायास हा उत्सव होतो. सुतारांनी सेंट जोसेफच्या सणाला टाकाऊ लाकूड जाळण्याच्या प्रथेतून तो वाढला, असे तिथे सांगतात. आज प्रत्येक मोहल्ल्याची मंडळी वर्षभर वर्गणी, लॉटरी, जेवणावळी यांतून पैसे जमवतात, कलाकाराला काम देतात, आणि १५ मार्चला चौकाचौकांत माडीएवढे देखावे उभे राहतात. त्यांत पुढाऱ्यांची, श्रीमंतांची, गावातल्या भानगडींची थट्टा असते. रस्ता सर्वांचा, पाहायला पैसे नाहीत. १९ मार्चच्या रात्री सगळे जाळून टाकतात. वर्षभर घडवायचे आणि एका रात्रीत निरोप द्यायचा, हे पेणच्या कारागिराला जितके समजेल तितके जगात फार थोड्यांना समजेल. तिथला लोकांनी मतदानाने निवडलेला एखादा पुतळा १९३४ पासून दरवर्षी आगीतून वाचवला जातो आणि संग्रहालयात ठेवला जातो. आपल्याकडे असे काही सुचलेले नाही. पेणच्या शेकडो कारागिरांचे एका वर्षाचे सर्वोत्तम काम कुठे ठेवलेले दिसते?

याहून महत्त्वाची गोष्ट साहित्याची आहे. व्हॅलेन्सियात पूर्वी लाकूड, मेण, कागदाचा लगदा वापरत. गेल्या काही दशकांत त्यांची जागा थर्माकोलसारख्या फोमने घेतली, कारण तो हलका, स्वस्त, कापायला सोपा. तो जळताना काळा धूर निघतो आणि आता तिथले काही कलाकार पुन्हा लाकूड-पुठ्ठ्याकडे, भाताच्या काडाकडे वळत आहेत. पेणची गोष्ट वेगळी आहे का? शाडूची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसने याच कारणांनी घेतली आणि आता पाण्याच्या प्रश्नावरून नियम, स्थगिती, कोर्ट असे फेरे चालू आहेत. कारागिराला त्यात फक्त आदेश मिळतात. याच कोड्यात अडकलेला दुसरा कारागीर समोर बसून काय करून पाहिले, काय फसले, गिऱ्हाईक काय म्हणाले, हे सांगू लागला तर ती चर्चा कोणत्याही परिपत्रकापेक्षा उपयोगाची ठरेल. व्हॅलेन्सियाभोवतीही भातशेती आहे. भाताचे काड पेणला काही नवीन नाही.

व्हॅलेन्सिया पहिल्या वर्षी परवडणार नाही असे कोणी म्हणेल, तर कोलकात्याची कुमारटुली आहे. तिथे बांबूच्या सांगाड्यावर भाताचा पेंढा बांधून हुगळीची माती चढवतात. माणसापेक्षा उंच दुर्गा उभी राहते, हलकी असते आणि पाण्यात लवकर विरते. महालयाच्या दिवशी देवीचे डोळे रेखण्याची तिथे परंपरा आहे. पेणमध्ये आखणी करणारा हात कारखान्यातला सर्वांत मानाचा आणि सर्वांत महागडा असतो. हे दोघे एका ओट्यावर बसलेले मला पाहायचे आहेत. त्यांना एकमेकांची भाषा येत नाही याची मला चिंता वाटत नाही. कुंचला किती केसांचा, श्वास कधी रोखायचा, हे हाताने दाखवता येते.

दुसरे नाते नदीचे आणि खाडीचे. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिच्या मुखावर, दक्षिणेच्या काठाला, कोर्लई आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, तरी त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली कोर्लईतले ख्रिस्ती कुटुंबीय आजही घरात बोलतात आणि तिच्यात गातात. समोरच्या तीरावर चौल-रेवदंडा. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी या बंदरात येऊन गेला, पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन इथेच उतरला. थोडे दक्षिणेला जंजिरा, जिथे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत होते. जागतिक संस्कृती नावाची गोष्ट रोह्याला विमानाने आणावी लागेल असे समजणाऱ्याने एकदा नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाऊन यावे.

आणि बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पेणकर, रोहेकर ही आडनावे आज तुम्हाला इस्रायलमध्येही भेटतील. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. शतकानुशतके ते याच मातीत मराठी बोलले. पेणमध्ये त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. १८८० मध्ये त्यांनी मराठी कीर्तने रचण्या-गाण्यासाठी मंडळ काढले आणि बायबलमधली आख्याने नारदीय ढंगात उभी केली. संकट टळले, लग्न ठरले, नवस फेडायचा झाला, की मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, फळे, आणि प्रेषित एलियाहू हनाबीचे नाव. पेणच्या पोह्यांचा एवढा लांबचा प्रवास किती पेणकरांना ठाऊक आहे? १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तिथे मराठीत ‘मायबोली’ हे नियतकालिक काढले, महाराष्ट्र दिन साजरा करू लागली. या माणसांना परदेशी कलापथक म्हणून बोलवायचे की माहेरवाशीण म्हणून? मला दुसरे योग्य वाटते. त्यांचे कीर्तन पेणच्या चौकात झाले आणि मागे मृदंगाला गावातल्या भजनी मंडळाचा गडी बसला, तर जगाच्या संस्कृतीचा उत्सव कसा असावा हे वेगळे समजवावे लागणार नाही.

तिसरे नाते आज आपल्यात राहणाऱ्यांचे. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकलचा पसारा, धाटावची औद्योगिक वसाहत यांमुळे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसे इथे वर्षानुवर्षे राहतात. भाड्याच्या खोल्यांत ती आपले सण करतात आणि गावाच्या कोणत्याही व्यासपीठावर त्यांना जागा नसते. परप्रांतीय या एका शब्दात त्यांचे गाणे, नाच, स्वयंपाक सगळे झाकले जाते. लंडनचा नॉटिंग हिल कार्निव्हल असाच उपऱ्या ठरवलेल्यांनी घडवला. १९५८ मध्ये तिथे कॅरिबियन वस्तीवर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी क्लॉडिया जोन्स यांनी एका सभागृहात कॅरिबियन कार्निव्हल भरवला, आणि १९६६ पासून उत्सव रस्त्यावर आला. आज तो युरोपातल्या सर्वांत मोठ्या रस्त्यावरच्या उत्सवांत गणला जातो आणि अजूनही फुकट आहे. धाटावच्या कामगाराला चैती किंवा बिरहा गायला गावाने आदराने बोलावले, तर आपले मराठीपण उणे होत नाही. यजमानाचे घर मोठे असले की पाहुण्याची भीती वाटत नाही.

या परिसराने जगाचा विचार करणारी माणसे कमी दिली नाहीत. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५. त्यांनी भारतातल्या बहुतेक मोठ्या भाषा आत्मसात केल्या, मूळ अरबी शिकून कुराणाचे सार काढले आणि पदयात्रेत ‘जय जगत्’ हा घोष दिला. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मले, पण घर आणि शाळा रोह्याची. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ब्रेटन वूड्सच्या परिषदेतले प्रतिनिधी, देशाचे अर्थमंत्री, ‘मेघदूत’ मराठीत आणणारे संस्कृतज्ञ. आणि जगभरच्या संस्कृतींनी एकमेकींशी बोलावे म्हणून दिल्लीत उभ्या राहिलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक-अध्यक्ष. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्यात १९२० मध्ये जन्मले आणि १९५४ मध्ये जपानमध्ये भरलेल्या जागतिक तत्त्वज्ञ परिषदेत बोलून आले. तिघांचाही मला अभिमान आहे. तरी एक गोष्ट खटकते. जगाला भेटण्यासाठी तिघांनाही इथून जावे लागले. देशमुखांनी जगाचे घर बांधले ते दिल्लीत. आज रोह्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीलाही तेच करावे लागावे का, की जगातला एखादा वादक, कुंभार, कठपुतळीवाला तिच्या आळीत येऊन दोन दिवस राहू शकतो?

आक्षेप मला ठाऊक आहेत. सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे: ज्या खारेपाटात प्यायला पाणी नाही तिथे जगाचे नाचगाणे कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गप्प करू इच्छित नाही. सरकारच्या तिजोरीतून पाण्याचे पैसे उत्सवाकडे वळत असतील तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण वर्गणीचा उत्सव पाण्याचे पैसे खात नाही, आणि उत्सव नाकारल्याने नळाला पाणी येत नाही. शिवाय एकत्र येण्याची सवय ही दोन्ही कामांना लागते. सप्टेंबर २००८ मध्ये याच तालुक्यातल्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर आपले मत मतपेटीतून नोंदवले. देशात अशा प्रश्नावर शेतकऱ्यांचे जनमत घेण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. जमीन द्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्यांनी मिळवला, त्यांना गावात कोणता पाहुणा यावा आणि त्याने काय दाखवावे हेही ठरवता येईल.

आपलीच लोककला मरते आहे, दुसऱ्यांची कशाला, हा दुसरा आक्षेप. धवले म्हणणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत आहेत हे खरे. पण त्या दुसऱ्यांच्या कलेमुळे संपत नाहीत. लग्नात डीजे आला, हॉल आला, विधी दोन तासांत उरकायचा झाला, म्हणून संपत आहेत. सुनेला वाटते की हे जुनाट आहे. परमुलखातली एखादी लग्नगीते गाणारी बाई त्याच धवलारिणीच्या पायाशी बसून चाल शिकताना सुनेने पाहिली, तर कदाचित तीही बसेल. याची हमी मी देऊ शकत नाही. पण घरच्या कलेचे मोल परक्याच्या कानांतून कळल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात थोडी नाहीत.

पैशाबद्दल मला एकच आग्रह धरायचा आहे, तो कडक आहे. प्रेक्षकाला फुकट म्हणजे कलाकाराला फुकट नव्हे. ‘नाव होईल’ म्हणून गावच्या कलाकाराला नारळ आणि शाल द्यायची आणि बाहेरच्याला पाकीट, ही पद्धत या उत्सवात चालता कामा नये. खालूबाजाच्या पथकाला आणि सातासमुद्रापलीकडच्या पथकाला मानधन एका तत्त्वाने मिळावे: जेवढे दिवस काम, जेवढी माणसे, तेवढे पैसे, आणि ते सर्वांना दिसेल अशा फलकावर लिहिलेले. राहण्याची सोय हॉटेलात नको, घरांत हवी. तिथे खर्चही वाचतो आणि पाहुणा पाटावर बसून भाकरी खातो तेव्हा अर्धी देवाणघेवाण तिथेच होते. कंपन्यांनी वर्गणी द्यायला माझी हरकत नाही, पण सर्वांत मोठ्या घरगुती वर्गणीएवढीच द्यावी आणि मंडपात नाव लागणार असेल तर सगळ्यांचे लागावे, सारख्याच अक्षरांत. आवाजाच्या भिंतींना मज्जाव असावा. ज्या मेळ्यात बाऊलाची एकतारी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही, त्यात माणसे जास्त झाली आहेत असे समजून दुसऱ्या आळीत दुसरा फड मांडावा.

वेळ मला पौषाचा पहिला पंधरवडा बरा वाटतो. भात झोडून झालेला असतो, वालाच्या शेंगा येऊ लागलेल्या असतात, हवा थंड असते. पौषात लग्ने नसतात, म्हणून वाजवणाऱ्यांना सुपारी नसते आणि त्यांचे दिवस मोकळे असतात. पेणमध्ये माघी गणपतीची घाई पुढे वाढते. पंधरवड्याच्या आत उरकले तर कारखान्यांची दारे उघडी ठेवता येतील. दोन्ही गावे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पहिले दोन दिवस पेणच्या कारखान्यांत आणि चौकांत, मधला दिवस वाड्या-पाड्यांवर, शेवटचे दोन रोह्याच्या आळ्यांत आणि कुंडलिकेच्या काठी. मैदान आणि मोठे व्यासपीठ पहिल्या वर्षी तरी घेऊ नये. व्यासपीठ उभे राहिले की पाहुण्यांच्या खुर्च्या येतात, त्यांच्यामागे भाषणे येतात.

निमंत्रण कोणी पाठवायचे यावर वाद होईल आणि तो व्हावा. माझी सूचना अशी: प्रत्येक आळीने, वाडीने, कोळीवाड्याने दोन माणसे द्यावीत, त्यांतली एक बाई असलीच पाहिजे, आणि कामगार वस्त्यांनाही तेवढाच हक्क असावा. पहिल्या वर्षी पाहुणे दोनच पुरेत. कुमारटुलीतून एक कारागीर, आणि इस्रायलमधून मराठी कीर्तन करणारे एखादे कुटुंब. पैसे कमी पडले तर एकच बोलवावा, आणि त्याला नीट बोलवावे.